‘सप्टेंबर ५’ आणि त्यावरची समीक्षा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या ओलीसनाट्यावरचा, टिम फेलबाउम दिग्दर्शित ‘सप्टेंबर ५’ ऑगस्ट २०२४ मध्ये व्हेनिस महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. तेव्हापासून त्याच्याबद्दल दोन टोकांचं ऐकू येतं. कुणी म्हणतं, ९५ मिनिटं खुर्चीच्या कडेवर बसून काढली. कुणी म्हणतं, एवढा मोठा विषय घेतला आणि त्याला हातच लावला नाही. दोन्ही बाजूंचे लोक शहाणे आहेत, म्हणून हे पान. घटनेचा शेवट इतिहासात नोंदलेला आहे, त्यामुळे तो इथे लपवलेला नाही.

चित्रपट नेमका कशाबद्दल आहे?

५ सप्टेंबर १९७२. म्युनिक ऑलिंपिकचा दुसरा आठवडा. पहाटे ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी गटाचे ८ सशस्त्र लोक क्रीडाग्रामात शिरले आणि त्यांनी इस्रायली पथकातल्या लोकांना ओलीस धरलं. कुस्ती प्रशिक्षक मोशे वाइनबर्ग आणि भारोत्तोलक योसेफ रोमानो सुरुवातीलाच मारले गेले. उरलेले ९ जण त्या रात्री फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या हवाई तळावर, पोलिसांच्या फसलेल्या सुटका मोहिमेत प्राणाला मुकले. एक जर्मन पोलीस आणि ८ पैकी ५ हल्लेखोरही तिथेच मेले.

चित्रपट यातलं जवळजवळ काहीच समोरून दाखवत नाही. तो घडतो अमेरिकेच्या एबीसी वाहिनीच्या क्रीडा विभागाच्या कंट्रोल रूममध्ये, क्रीडाग्रामापासून हाकेच्या अंतरावर. पोहणं, मुष्टियुद्ध, व्हॉलीबॉल दाखवायला आलेली ही माणसं. अमेरिकी जलतरणपटू मार्क स्पिट्झची पदकं कोणत्या क्रमाने दाखवायची यावर त्यांची डोकी चाललेली. आणि अचानक ओलीसनाट्याचं थेट प्रक्षेपण त्यांच्या गळ्यात पडतं. न्यूयॉर्कमधला बातमी विभाग म्हणतो, हे आमच्याकडे द्या. क्रीडा विभागाचे प्रमुख रून आर्लेज म्हणतात, नाही, आम्ही इथे आहोत, आम्हीच दाखवणार.

समीक्षकांना यात सगळ्यात जास्त काय आवडलं?

ताण. जवळजवळ प्रत्येक अनुकूल परीक्षणात हाच मुद्दा पहिला येतो. शेवट माहीत असलेल्या गोष्टीत ताण टिकवणं अवघड असतं. फेलबाउमने त्यावर काढलेला उपाय साधा आहे: आपल्याला शेवट माहीत आहे, पण खोलीतल्या माणसांना पुढची पाच मिनिटंही माहीत नाहीत. आपण त्यांच्यासोबत अडकतो. ओलीसांचं काय होणार, हे कोडं राहतच नाही. हा फोन लागेल का, हे चित्र योग्य का अयोग्य, हा कॅमेरा वर घ्यायचा का खाली, असल्या बारक्या प्रश्नांवर श्वास अडकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे यंत्रं. हा भाग मलाही फार आवडतो, त्यामुळे थोडं सविस्तर. कंट्रोल रूमचा सेट जुन्या आराखड्यांवरून उभा केला आणि त्यात त्या काळातली खरी, चालू स्थितीतली उपकरणं बसवली. भिंतीवरच्या पडद्यांवर १९७२ चं मूळ चित्रण खरोखर चालू असतं आणि नट त्याच्याकडे बघून बोलतात. निवेदक जिम मॅके यांच्या भूमिकेत कुणी नट नाहीच. पडद्यावर दिसतात ते खरे मॅके, त्या दिवशीच्या फितीतले. पडद्यावरची अक्षरं कुणीतरी काळ्या फळीवर एकेक करून हाताने लावतं, मग त्या फळीवर कॅमेरा रोखतं. क्रीडाग्रामातून एबीसीचे वार्ताहर पीटर जेनिंग्ज फोनवर बोलतायत, पण फोनचा आवाज प्रक्षेपणात जाण्याची सोय नाही, तर तंत्रज्ञ हत्यारं घेऊन फोनच उघडतात आणि तारा जोडतात. चित्रफीत क्रीडाग्रामाच्या आत-बाहेर न्यायची तर एका कर्मचाऱ्याला खेळाडूसारखे कपडे घालून पाठवतात. स्टुडिओतला अवजड कॅमेरा ढकलत उघड्यावर आणतात.

हे सगळं निव्वळ जुन्या काळाचं कौतुक असतं तर कंटाळवाणं झालं असतं. पण इथे प्रत्येक तांत्रिक अडचण सुटली की तिच्या पाठोपाठ एक नैतिक अडचण उभी राहते. कॅमेरा बाहेर नेता येतो म्हटल्यावर, तो कशावर रोखायचा? आवाज प्रक्षेपणात घेता येतो म्हटल्यावर, तो आवाज आणखी कोण ऐकतंय? ‘करता येईल का’ या प्रश्नात बुडालेल्या लोकांना ‘करावं का’ हे विचारायला फुरसतच मिळत नाही. माझ्या मते चित्रपटाचं खरं म्हणणं हे आहे, आणि ते कुणाच्या भाषणातून येत नाही, कामाच्या घाईतून येतं.

संकलक हान्सयोर्ग वाइसब्रिश आणि छायाचित्रकार मार्कुस फ्योर्डरर यांचीही भरपूर वाहवा झाली. जुनं चित्रण आणि नवं चित्रण यांची शिवण कुठे आहे ते चटकन सापडत नाही.

मग नाराजी कशावर आहे?

त्याच खोलीवर.

हे लक्षात घेतलं की या चित्रपटावरचे अर्धे वाद समजतात. स्तुती आणि टीका वेगवेगळ्या गोष्टींवर नाही. दिग्दर्शकाने ठरवलं की कॅमेरा कंट्रोल रूम सोडून फारसा जाणार नाही. ज्यांना हा निर्णय शिस्तीचा वाटला त्यांनी कौतुक केलं, ज्यांना तो पळवाट वाटला त्यांनी झोडपलं.

टीकाकारांचं म्हणणं साधारण असं. हल्लेखोर कोण होते, कशासाठी आले होते, त्यांच्या मागण्या काय होत्या, हे चित्रपटात ओझरतं येतं. मागणी इस्रायलच्या कैदेतल्या दोनशेहून अधिक लोकांच्या सुटकेची होती; तिच्यामागचा इतिहास तर येतच नाही. पण आणखी टोचणारी गोष्ट म्हणजे ओलीसांबद्दलही आपल्याला फार काही कळत नाही. ते पडद्यावरचे चेहरे राहतात, एका यादीतली नावं राहतात. ११ माणसांचा मृत्यू हा प्रक्षेपण करणाऱ्यांच्या नैतिक पेचाची पार्श्वभूमी बनतो. काही परीक्षणांचा सूर असा होता की पत्रकारितेचे प्रश्न इथे मांडले जातात खरे, पण मांडून सोडून दिले जातात. कुणीतरी काळजीचं एक वाक्य बोलतं, बाकीचे क्षणभर गप्प होतात, मग फोन वाजतो.

या शेवटच्या आक्षेपाशी मी निम्मा सहमत आहे. थेट प्रक्षेपणात कुणाला गोळी घातली तर काय करायचं, हा प्रश्न चित्रपटात येतो. मारल्या जाणाऱ्याचे आईवडील त्या क्षणी टीव्हीसमोर असतील, हाही येतो. (डेव्हिड बर्गर हा ओलीस मूळचा अमेरिकेतल्या ओहायोचा, त्यामुळे ती भीती काल्पनिक नव्हती.) दोन्ही वेळा चर्चा मिनिटभरात संपते. वास्तवात असंच होतं, हे मान्य. पण वास्तवात तसं होतं म्हणून चित्रपटानेही तिथेच थांबावं, असा काही नियम नाही.

चित्रपट ‘राजकीय नाही’ असं म्हणतात. ते खरं का?

दिग्दर्शकाची भूमिका अशी की हा माध्यमांबद्दलचा चित्रपट आहे. ती प्रामाणिक आहे असं मानायला हरकत नाही. चित्रीकरण ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि त्यानंतरचं गाझातलं युद्ध यांच्या आधीच पार पडलं होतं. म्हणजे चालू घडामोडींवर स्वार व्हायला कुणी हा चित्रपट काढला नाही.

पण चित्रपट बनतो एका वेळी आणि बघितला जातो दुसऱ्या वेळी. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत तो लागला तेव्हा इस्रायली ओलीस आणि पॅलेस्टिनी हल्लेखोर हे शब्द कुणीही थंड डोक्याने ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. एका बाजूला वाटलं, पॅलेस्टिनी माणूस इथे फक्त बुरख्याआडचा धोका म्हणून येतो. दुसऱ्या बाजूला वाटलं, बळी गेलेल्यांचं दुःख तटस्थतेच्या नावाखाली पातळ केलंय. एकच चित्रपट दोन विरुद्ध आरोप झेलत होता.

माझं मत विचाराल तर, राजकारण यात आहे, फक्त ते मध्यपूर्वेचं नाही. ते जर्मनीचं आहे. मार्विन बेडर हा एबीसीचा ज्यू अधिकारी, जर्मन दुभाषी तरुणी मारियाने आणि बाकीचे अमेरिकी सहकारी यांच्यात युद्धाच्या आठवणींवरून जे टोमणे आणि जे अवघडलेपण आहे, तो चित्रपटाचा सर्वांत बारकाईने लिहिलेला धागा. हिटलरच्या काळातल्या १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची आठवण पुसून टाकण्यासाठी पश्चिम जर्मनीने म्युनिकचे खेळ मुद्दाम हसतखेळत, कमी बंदोबस्तात ठेवले होते. जगाला गणवेश आणि बंदुका दिसू नयेत म्हणून. त्याच सैल बंदोबस्तातून हल्लेखोर आत शिरले. जर्मन भूमीवर पुन्हा ज्यूंचे जीव जात असताना मारियाने ते इंग्रजीत सांगत राहते. चित्रपट या प्रसंगांत बोलत कमी आणि दाखवत जास्त असतो.

परीक्षणांच्या संकेतस्थळांवर आकडे वेगवेगळे का दिसतात?

रॉटन टोमॅटोजवर या चित्रपटाचा आकडा ९० टक्क्यांच्या वर आहे, मेटाक्रिटिकवर सत्तरीच्या मध्याजवळ. यात विरोधाभास नाही. दोघं वेगळं मोजतात. पहिलं संकेतस्थळ फक्त एवढंच बघतं की परीक्षण एकूणात अनुकूल आहे का प्रतिकूल. ‘बरा आहे, बघायला हरकत नाही’ म्हणणारा आणि ‘वर्षातला सर्वोत्तम’ म्हणणारा, दोघंही तिथे सारखेच धरले जातात. दुसरं संकेतस्थळ प्रत्येक परीक्षणाला गुण देतं आणि त्यांची भारित सरासरी काढतं. म्हणजे दोन्ही आकडे एकत्र वाचले तर अर्थ निघतो: नापसंत करणारे थोडे, पसंत करणारे पुष्कळ, पण पसंत करणाऱ्यांतही हातचं राखून बोलणारे बरेच. या चित्रपटाबाबत हे चित्र मला अचूक वाटतं.

अभिनयाबद्दल काय मत पडलं?

सर्वाधिक कौतुक लिओनी बेनेशचं झालं. मारियानेचं काम म्हणजे ऐकणं आणि सांगणं. पोलिसांच्या बिनतारी संदेशांतून, जर्मन रेडिओवरून जे कानावर येतं ते दुसऱ्या क्षणी इंग्रजीत. सकाळी तिला कॉफी आणायला सांगणारे लोक दुपारपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत उभे असतात. बेनेश हे सगळं आवाज न चढवता करते.

जॉन मगारोने जेफ्री मेसन हा तरुण निर्माता उभा केला आहे. चित्रपटाचा भार त्याच्यावर आहे. घामाघूम, झोप न झालेला, आणि आत कुठेतरी संधीने सुखावलेला. ते सुखावणं त्याने लपवलेलं नाही, आणि म्हणून ते पात्र खरं वाटतं. पीटर सार्सगार्डचा आर्लेज शांत आहे, पण त्या शांतपणात धंद्याची नजर आहे. बेन चॅप्लिनचा बेडर हा खोलीतला ‘थांबा जरा’ म्हणणारा माणूस. ही तिन्ही माणसं प्रत्यक्षात होऊन गेली. काही समीक्षकांना ती चित्रपटात माणसं म्हणून अपुरी वाटली, भूमिकांची लेबलं लावलेली. मेसनच्या घराबद्दल आपल्याला शेवटपर्यंत काही कळत नाही, हे खरंच. मला त्याची गरज वाटली नाही.

यात खरं किती आणि रचलेलं किती?

घटनांचा सांगाडा खरा आहे. एबीसीच्या क्रीडा विभागानेच प्रक्षेपण केलं, जिम मॅके तासन्‌तास निवेदन करत राहिले, वाहिनीचे मध्यपूर्वेतले वार्ताहर पीटर जेनिंग्ज त्या वेळी म्युनिकमध्येच होते. पटकथेसाठी खऱ्या जेफ्री मेसन यांच्याकडून त्या दिवसाचा तपशील घेतला गेला. प्रक्षेपणासाठी लागणाऱ्या उपग्रहाच्या वेळेवरून प्रतिस्पर्धी सीबीएस वाहिनीशी झालेली ओढाताणही चित्रपटात आहे. आमचं चित्र त्यांनाही द्यावं लागणार म्हटल्यावर कोपऱ्यात एबीसीचं बोधचिन्ह चिकटवण्याचा प्रसंग त्यातूनच येतो. माणसं मरणाच्या दारात उभी आहेत आणि इथे चिन्ह कुणाचं दिसणार याची काळजी! तो प्रसंग हसू आणतो आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटते.

मारियाने गेबहार्ट हे पात्र मात्र रचलेलं आहे. अनेक जर्मन साहाय्यकांचं काम तिच्या एकटीत एकवटलं आहे. आणि वीस-बावीस तासांचा दिवस दीड तासात बसवायचा तर निर्णय थोड्या लोकांच्या तोंडी द्यावे लागतात, तसे ते दिले आहेत.

टीव्हीमुळे पोलिसांची मोहीम फसली, हे खरं का?

क्रीडाग्रामातली मोहीम, हो. ट्रॅकसूट घातलेले पोलीस इमारतीच्या छपरावर चढले. त्यांच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपल्या, थेट दाखवल्या, आणि ओलीस ठेवलेल्या इमारतीत टीव्ही होते. हल्लेखोरांना आपल्या डोक्यावर कोण आहे ते दिसू शकत होतं. मोहीम सोडून द्यावी लागली.

चित्रपटात हा क्षण येतो तेव्हा खोलीतल्या एकेकाच्या ध्यानात येतं की आपला प्रेक्षक फक्त अमेरिकेत नाही. त्यानंतर पोलीस बंदुका घेऊन कंट्रोल रूममध्येच शिरतात. बहुतेक समीक्षकांनी हा चित्रपटाचा कळसाचा प्रसंग मानला.

पण खापर एकट्या एबीसीवर फोडता येत नाही. तिथे अनेक देशांचे कॅमेरे होते, आणि वीज किंवा प्रक्षेपण आधीच तोडायला हवं होतं हे पोलिसांना सुचलं नव्हतं. हवाई तळावरचा घोटाळा तर सर्वस्वी यंत्रणेचा: ८ हल्लेखोरांसाठी ५ नेमबाज, त्यांना या कामाचं प्रशिक्षण नाही, एकमेकांशी बोलायला बिनतारी यंत्रं नाहीत. पश्चिम जर्मनीने जीएसजी ९ हे दहशतवादविरोधी पथक उभारलं ते याच महिन्यात, या घटनेनंतर.

‘सगळे ओलीस सुटले’ ही बातमी खरोखर दिली गेली होती?

दिली गेली होती, आणि ती जगभर पसरली. त्या रात्री हवाई तळाच्या फाटकापाशी अफवा उठली. पश्चिम जर्मन सरकारचे प्रवक्ते कॉनराड आलर्स यांनीही मोहीम यशस्वी झाल्याचं सांगितलं. पहाटे तीनच्या सुमारास खरं कळलं, आणि मॅके यांनी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं की कुणीही वाचलेलं नाही.

चित्रपटात या जागी मेसन आणि बेडर समोरासमोर येतात. बेडरला दुसऱ्या सूत्राकडून खात्री हवी आहे. मेसनला भीती आहे की दुसरी वाहिनी आधी सांगेल. तो मधला मार्ग काढतो: ‘आमच्या कानावर येतंय की’ असं म्हणायचं. बातमी दिली असंही नाही, नाही दिली असंही नाही.

हा प्रसंग पुरेसा गाजला नाही, याचं मला नवल वाटतं. छपरावरच्या पोलिसांचा प्रसंग अंगावर येतो, म्हणून सगळ्यांनी त्यावर लिहिलं. पण बातमीदारीच्या दृष्टीने घसरण इथे आहे. छपराच्या वेळी त्यांना धोका माहीतच नव्हता. अफवेच्या वेळी माहीत होता. आणि तरीही ‘समजतंय’, ‘कळतंय’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ या शब्दांनी जबाबदारी झटकता येते असं वाटण्याचा मोह त्यांनाही आवरला नाही. बातमी खोटी ठरल्यानंतर मेसनच्या चेहऱ्यावर जे दिसतं, तिथे चित्रपट भाषण देत नाही. टीकाकार म्हणतात तसा तो ‘प्रश्न सोडून देत’ असेल, तर या एका ठिकाणी नाही.

पुरस्कारांत काय झालं?

अमेरिकेतल्या टेल्युराइड चित्रपट महोत्सवानंतर ऑस्करच्या चर्चेत हे नाव बरंच वर होतं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत असणारच, असं अनेक जाणकार धरून चालले होते. गोल्डन ग्लोबमध्ये नाट्यपट विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळालंही. ऑस्करला मात्र एकच नामांकन आलं, मूळ पटकथेचं (मोरिट्झ बिंडर, टिम फेलबाउम आणि अ‍ॅलेक्स डेव्हिड), आणि २ मार्च २०२५ ला तो पुरस्कार ‘अनोरा’कडे गेला.

का घसरलं? गाझाच्या युद्धाने विषय जड झाला होता, हे उघड आहे. प्रदर्शनही रेंगाळलं: १३ डिसेंबर २०२४ ला मोजक्या पडद्यांवर, मग १७ जानेवारी २०२५ ला अधिक ठिकाणी. तोवर चर्चा दुसऱ्या चित्रपटांकडे वळली होती. गल्लाही बेताचाच जमला. आणखी एक कारण मला वाटतं: हा सामूहिक अभिनयाचा, आवाज न चढवणारा चित्रपट आहे. पुरस्काराच्या कार्यक्रमात दाखवायला सोयीचा, रडून-ओरडून केलेला एकही तुकडा त्यात नाही.

जर्मनीत प्रतिसाद वेगळा होता का?

खूपच. मे २०२५ मध्ये जर्मन चित्रपट पुरस्कारांत १० नामांकनांपैकी ९ पुरस्कार या चित्रपटाने नेले, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा आणि बेनेशला साहाय्यक अभिनेत्रीचा. फेलबाउम स्वित्झर्लंडचा असला तरी त्याने चित्रपटाचं शिक्षण म्युनिकमध्ये घेतलं, चित्रपटही तिथेच बनला. याआधी तो विज्ञानकथापटांसाठी ओळखला जायचा, त्यामुळे हे वळण तिथल्यांनाही अनपेक्षित होतं.

तिथे म्युनिक ही जुनी बातमी नाही. मृतांच्या कुटुंबीयांशी भरपाईबाबत समझोता व्हायला २०२२ साल उजाडावं लागलं. रक्कम २ कोटी ८० लाख युरो ठरली, आणि त्या वर्षीच्या ५ सप्टेंबरला, घटनेला ५० वर्षं होताना, अध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांनी कुटुंबीयांची क्षमा मागितली. अमेरिकी समीक्षक ज्या चित्रपटात टीव्हीचा इतिहास बघत होते, त्यात जर्मन प्रेक्षक स्वतःच्या सरकारची नामुष्की बघत होता.

याच घटनेवर आधीही चित्रपट आले आहेत ना?

आले आहेत. केविन मॅकडोनाल्ड यांचा ‘वन डे इन सप्टेंबर’ हा १९९९ चा माहितीपट, ज्याला ऑस्कर मिळालं, आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा २००५ चा ‘म्युनिक’, ज्याचा विषय इस्रायलने नंतर घेतलेला सूड. राजकीय पार्श्वभूमी हवी असेल तर तिकडे जावं. घटनेचा तपशील नीट समजून घ्यायचा असेल तर माहितीपट आधी पाहावा आणि मग ‘सप्टेंबर ५’. उलट क्रमाने पाहिलं तर कंट्रोल रूममधल्या लोकांना काय काय माहीत नव्हतं, हे कळत नाही.

मुंबईतल्या २६/११ शी याची तुलना करतात, ती रास्त आहे का?

मराठी प्रेक्षकाला ती सुचल्याशिवाय राहत नाही. २००८ मध्ये नरिमन हाउसच्या गच्चीवर उतरणारे कमांडो आपण सगळ्यांनी थेट पाहिले. २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या त्या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले, आणि २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी आली. फरक एवढाच की १९७२ च्या त्या खोलीसमोर आधीचं उदाहरण नव्हतं. तुलना रास्त आहे, पण चित्रपटाला २६/११ चं उत्तर विचारू नये. तो त्याचा विषय नाही.

पत्रकारितेच्या वर्गात दाखवण्यासारखा आहे का?

आहे, पण एका बैठकीत पूर्ण दाखवून ‘चर्चा करा’ म्हणण्यात अर्थ नाही. मधेमधे थांबवावा. आर्लेज बातमी विभागाला नकार देतो तिथे एकदा. छपरावर पोलीस दिसतात त्याच्या जरा आधी, कारण दिसल्यानंतर सगळेच शहाणे होतात. आणि अफवेच्या ठिकाणी, मेसन आपलं वाक्य ठरवतो त्याच्या आधी. विद्यार्थ्यांना विचारावं, तुम्ही काय कराल, आणि उत्तराला तेवढाच वेळ द्यावा जेवढा मेसनला मिळाला होता.

रक्तपात दाखवलाय का? मुलांसोबत पाहता येईल?

हिंसा जवळजवळ सगळी पडद्याआड आहे. गोळ्यांचे आवाज येतात, फोनवर वर्णनं येतात. पण ताण मोठा आहे आणि शेवट दिलासा देत नाही. अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे १७ वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसासोबतच पाहायचा. शाळकरी मुलांना तो कळणारही नाही, कारण बोलणं जलद, तांत्रिक आणि अर्धं जर्मन.

हा चित्रपट कुणाला आवडणार नाही?

ज्यांना ओलीसांची गोष्ट हवी आहे त्यांना. वाइनबर्ग, रोमानो, बर्गर ही माणसं कोण होती हे जाणून घ्यायला जो जाईल तो रिकाम्या हाताने परतेल. मध्यपूर्वेचा प्रश्न समजून घ्यायला जाणाऱ्याचंही तेच होईल. शिवाय ज्यांना बंद खोलीतले, संवादांवर चालणारे चित्रपट सोसत नाहीत, त्यांना तासाभरात बाहेरची हवा हवीशी वाटेल. तसं बाहेर बघायला मिळतं ते फक्त पडद्यांवर: गच्चीवर येऊन खाली वाकून बघणारा चेहरा झाकलेला माणूस, ते एक दाणेदार चित्र, पुन्हा पुन्हा.